आईचे स्टॉकिंग्ज बाबांना चालतील का? आर्टरी, व्हेन आणि पायाबद्दल सविस्तर

आधी महत्त्वाचं. बाबांच्या पायातले ते स्टॉकिंग्ज आत्ता काढा, मग बाकीचं सावकाश वाचा.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. आई ५२ वर्षांची, झेडपीच्या शाळेत शिक्षिका, दिवसभर उभं राहून पोटरीवर शिरा फुगल्यात, घोट्याजवळची कातडी काळपट पडलीये, डॉक्टरांनी व्हेरिकोज व्हेन्स सांगून टाइट स्टॉकिंग्ज दिले आणि तिला त्याने बरं वाटतंय. बाबा ६१ वर्षांचे, शुगर जुनी, तंबाखू-चुना चालू, एसटी स्टँडपर्यंत चालत गेलं की पोटरी भरून येते आणि जरा थांबलं की मोकळी होते. मग घरात ठरलं की दोघांचाही पायाच्या शिरांचाच प्रॉब्लेम आहे तर आईची दुसरी जोडी बाबांना घालू, आणि आता बाबांचं पाऊल रात्री दुखतं, ते पाय खाटेखाली सोडून बसून राहतात. तुमचा प्रश्न असा की दुखणं दोघांचंही रक्तवाहिनीचं तर एकाचा उपाय दुसऱ्याला का लागू नये, आणि मुळात या रक्तवाहिन्या असतात तरी कशा.

मी व्हॅस्क्युलर सर्जन आहे, बरीच वर्षं पायांच्या रक्तवाहिन्यांचंच काम करतोय, आणि हा घोळ मी फार घरांत बघितलाय. म्हणून जरा मुळापासून सांगतो, कारण रक्तवाहिनीची भिंत कशी बांधलीये ते एकदा कळलं की आईला काय चालतं आणि बाबांना काय चालत नाही हे तुमचं तुम्हालाच सांगता येईल.

हृदयाकडून रक्त बाहेर नेणारी ती आर्टरी, शाळेत आपण रोहिणी किंवा धमनी म्हणून शिकलो ती. परत आणणारी ती व्हेन, म्हणजे शीर. आणि या दोघींच्या मधे केशवाहिन्यांचं जाळं, खरं काम तिथे होतं, ऑक्सिजन द्यायचा, साखर द्यायची, कचरा उचलायचा. आर्टरी आणि व्हेन दोघींच्याही भिंतीला तीन थर असतात. सगळ्यात आतला रक्ताला लागून असलेला पातळ थर, मधला स्नायूंचा आणि लवचिक तंतूंचा, आणि बाहेरचा कोलॅजेन नावाच्या चिवट प्रथिनाचा. थर तेच, पण त्यांचं प्रमाण इतकं वेगळं आहे की ऑपरेशनच्या वेळी हातात धरली की डोळे मिटूनही कळतं कुठली कुठली. आर्टरी जाड, गोल, कापली तरी तोंड उघडंच राहतं. व्हेन मऊ, पातळ, आत रक्त नसलं की चपटी होऊन पडते.

असं का, तर दाबामुळे. हृदयातून निघणारी महाधमनी सुरुवातीला जवळपास तीन सेंटीमीटर रुंद असते आणि दर ठोक्याला १२० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब सोसते, तेही आयुष्यभर. तिच्या मधल्या थरात लवचिक तंतूंचे पडदेच्या पडदे असतात. हृदय आकुंचन पावलं की ती फुगते आणि हृदय विश्रांती घेत असताना ती आकसून आतलं रक्त पुढे ढकलत राहते. हे नसतं तर हापशाचं पाणी जसं धक्क्याधक्क्याने पडतं तसं रक्त अवयवांना मिळालं असतं, ठोका पडला की लोंढा आणि मधे काहीच नाही. तुमच्या बीपीच्या रिपोर्टमधला खालचा आकडा, तो ८० वगैरे, तो शून्य नसतो याचं मोठं श्रेय या लवचिक भिंतीला आहे (बाकीचं खालच्या बारीक आर्टरींना, त्यांच्याकडे येतोच). वय वाढलं की हे तंतू झिजतात, भिंत कडक होते, म्हणून म्हाताऱ्या माणसांत बऱ्याचदा वरचा आकडा वाढलेला दिसतो आणि खालचा उलट कमी.

पुढे आर्टरीला फाटे फुटत जातात, लवचिक तंतू कमी होतात आणि स्नायू वाढतो. शेवटी अगदी बारीक आर्टरी येतात, ज्यांचा व्यास मिलिमीटरच्याही छोट्या हिश्श्यात मोजायचा. या बारीक वाहिन्यांबद्दल कुणी बोलत नाही पण माझ्या मते सगळ्या यंत्रणेत सगळ्यात हुशार त्याच. कुठल्या भागाला किती रक्त द्यायचं हे त्या ठरवतात, स्नायू आवळून किंवा सैल सोडून. आणि यात गणित फार जबरदस्त आहे, नळीची त्रिज्या निम्मी झाली तर बाकी सगळं तसंच असताना प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे अगदी थोडंसं आवळलं तरी खूप फरक पडतो आणि थोडंसं सैल झालं तरी. जेवण झालं की आतड्याकडच्या सैल होतात, चालायला लागलं की पोटरीतल्या सैल होतात, थंडीत कातडीतल्या आवळतात म्हणून बोटं गार पडतात. हे बाबांच्या बाबतीत परत येणार आहे, लक्षात ठेवा.

सगळ्यात आतल्या थराबद्दल थोडं जास्त सांगतो कारण बाबांचा आजार तिथूनच सुरू होतो. हा थर म्हणजे पेशींची फक्त एक रांग, एकावर एकसुद्धा नाही. पूर्वी डॉक्टर लोकांना वाटायचं की हे नुसतं अस्तर आहे. १९८० साली रॉबर्ट फर्चगॉट यांनी सशाच्या आर्टरीवर दाखवून दिलं की ॲसिटाइलकोलीन नावाचं रसायन टाकलं की आर्टरी सैल पडते, पण आतला तो थर खरवडून निघालेला असेल तर सैल पडतच नाही. म्हणजे सैल व्हायचा निरोप हा थर देतो. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड नावाचा साधा वायू निघाला, आणि त्या कामाला १९९८ चं नोबेल मिळालं, फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. हाच थर रक्ताला भिंतीवर चिकटू देत नाही, गुठळी होऊ देत नाही. शुगर, तंबाखू, वाढलेलं बीपी, कोलेस्टेरॉल या सगळ्यांचा पहिला मार या एका रांगेवर बसतो. ती दुखावली की खालच्या बाजूला चरबी शिरते, सूज येते, वर्षानुवर्षं थर साचत जातो, विशेषतः जिथे फाटा फुटतो आणि रक्त सरळ न वाहता भोवरे घेतं तिथे. पायात ही जागा बऱ्याचदा मांडीच्या खालच्या भागात असते, आणि दुखतं मात्र त्याच्या खाली, पोटरीत.

केशवाहिन्यांचं थोडक्यात. भिंत एका पेशीची, आतली जागा इतकी अरुंद की सात-आठ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लाल पेशी कधीकधी वाकून, एका मागे एक अशी जाते. रक्त इथे सेकंदाला एक मिलिमीटरपेक्षाही हळू सरकतं, आणि ते बरंच आहे, देवाणघेवाणीला वेळ मिळतो. थोडं पाणी भिंतीतून बाहेर झिरपतं, बरंचसं परत आत येतं नाहीतर लसिकावाहिन्या उचलून नेतात. पुढच्या बाजूला, म्हणजे शिरेत दाब वाढला की हे झिरपणं वाढतं. आईच्या पायाची संध्याकाळची सूज ती हीच. आणि घोट्याजवळचा काळपटपणा म्हणजे बाहेर झिरपलेल्या लाल पेशी फुटून त्यांतलं लोह कातडीत साचलेलं, तो मळ नाही आणि घासून जाणार नाही, कृपा करून दगडाने घासू नका, तिथली कातडी नाजूक झालेली असते आणि जखम झाली तर महिनोन् महिने भरत नाही.

आता व्हेन. अंगातल्या एकूण रक्तापैकी जवळपास दोन तृतीयांश रक्त कुठल्याही क्षणी शिरांमधे असतं, म्हणजे पाच लिटर धरलं तर तीन लिटरच्या वर. भिंत पातळ आणि सैल असल्यामुळेच हे जमतं. पण त्याच सैलपणाची अडचण पायात येते. केशवाहिन्यांमधून बाहेर पडेपर्यंत हृदयाने दिलेला जोर जवळपास संपलेला असतो आणि पावलापासून हृदयापर्यंत मीटरभर तरी वर चढायचंय. माणूस नुसता स्तब्ध उभा असेल तर घोट्याच्या शिरेतला दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो, निव्वळ वरच्या रक्ताच्या उंचीमुळे. मग रक्त वर जातं कसं, तर दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे शिरेच्या आत ठराविक अंतरावर दोन पातळ पाकळ्यांचे व्हॉल्व्ह, वर जाऊ देतात आणि खाली येऊ देत नाहीत. दुसरी म्हणजे पोटरीचा स्नायू, प्रत्येक पावलागणिक तो आतल्या शिरा पिळतो आणि रक्त वर ढकलतो. चालायला लागलं की तोच घोट्यातला दाब तीसच्या आसपास किंवा त्याच्याही खाली येतो. आईला सांगायचं ते इथेच आहे, वर्गात उभं राहणं आणि चालणं या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. फळ्याजवळ खिळून उभं राहण्याऐवजी बाकांमधून फेऱ्या मारत शिकवलं तरी पायाला आराम मिळतो. ते जमत नसेल तर दर थोड्या वेळाने टाचा उचलून खाली टेकवायच्या. ट्रॅफिक पोलीस, सलूनवाले, पोळी-भाजी केंद्रातल्या बायका, वॉचमन, सगळ्यांना मी हेच सांगतो.

व्हॉल्व्ह खरंच असतात का हे घरी बघता येतं, १६२८ साली विल्यम हार्वे यांनी रक्त गोल फिरतं हे मांडताना हाच प्रयोग दाखवला होता. दंडाला रुमाल हलकेच बांधा, हाताच्या शिरा फुगतील, मधे मधे बारीक गाठी दिसतील, त्या व्हॉल्व्हच्या जागा. आता एका बोटाने शीर दाबून धरा आणि दुसऱ्या बोटाने तिथून कोपराच्या दिशेने पुढच्या गाठीपलीकडे रक्त सारून ते बोट उचला. मधला तुकडा रिकामाच राहतो, वरून रक्त खाली येत नाही. पहिलं बोट उचललं की खालून भरतो. गंमत म्हणजे हार्वेंना आर्टरीतून व्हेनमधे रक्त जातं कुठून हे दिसलं नव्हतं, त्या केशवाहिन्या १६६१ मधे मार्सेलो मालपिघी यांनी बेडकाच्या फुफ्फुसात मायक्रोस्कोपखाली पाहिल्या.

तर आईचं काय झालंय, मांडीच्या आतल्या बाजूने घोट्यापासून जांघेपर्यंत कातडीखालून जाणारी एक लांब शीर असते, बहुतेक वेळा तिच्यातले व्हॉल्व्ह ढिले पडतात. थोडं आनुवंशिक, थोडं बाळंतपणांमुळे, थोडं उभ्या कामामुळे. मग वर गेलेलं रक्त परत खाली घसरतं, शीर फुगते, फुगली की पाकळ्या एकमेकींपासून अजून लांब जातात आणि खालचा व्हॉल्व्हसुद्धा निकामी होतो, असं करत करत घोट्यापर्यंत. टाइट स्टॉकिंग्ज बाहेरून आधार देतात, घोट्याला सगळ्यात जास्त दाब आणि वर जाईल तसा कमी. सकाळी अंथरुणातून पाय खाली टेकायच्या आधी घालायचे, रात्री झोपताना काढायचे, आणि संध्याकाळी पाय उशीवर उंच घेऊन पडायचं. जिराफाचे पाय इतके लांब असूनही सुजत नाहीत त्याचं एक कारण त्याच्या पायाची घट्ट कातडी, म्हणजे त्याला हे स्टॉकिंग्ज जन्मापासूनच मिळालेत.

बाबांचं नेमकं उलट आहे. त्यांच्या शिरांना बहुधा काही झालेलं नाही, त्यांची पायाकडे जाणारी आर्टरी अरुंद झाली असावी. बसलेलं असताना पोटरीला थोडंसंच रक्त लागतं, आणि त्या मघाशी सांगितलेल्या बारीक वाहिन्या आधीच सैल होऊन तेवढं भागवून घेतात. चालायला लागलं की स्नायूला कितीतरी पट जास्त रक्त लागतं, पण त्या आधीच पूर्ण उघडलेल्या, अजून किती उघडणार, मग पोटरी भरून येते. थांबलं की मागणी कमी होते आणि दुखणं जातं. ठराविक अंतर चाललं की दुखणं आणि थांबलं की जाणं हे इतकं ठळक लक्षण आहे की मी दारातच आर्टरीचा संशय धरतो.

आता रात्रीचं. आडवं झालं की पाऊल हृदयाच्या बरोबरीने येतं आणि गुरुत्वाकर्षणाचा आधार जातो. अरुंद आर्टरीतून पलीकडे जो काही तुटपुंजा दाब पोचतो त्यावरच पावलाला भागवावं लागतं. पाय खाटेखाली सोडला, अर्धा मीटर खाली गेला, की पावलातल्या दाबात चाळीसच्या आसपास भर पडते आणि दुखणं कमी होतं. बाबांनी हे स्वतःच शोधून काढलं, कुणी शिकवलं नाही, सगळे पेशंट शोधून काढतात. बघा, उभं राहिल्यावर पायात पडणारा रक्ताचा जो भार आईला त्रास देतो तोच बाबांना तारतोय. आईला पाय उंच केल्याने आराम, बाबांना पाय उंच केल्याने कळा. आणि आईच्या डॉक्टरांनी बहुतेक दिले असतील त्या क्लास टू स्टॉकिंग्जचा घोट्याला साधारण २३ ते ३२ मिलिमीटर दाब असतो. निरोगी आर्टरीत १२० असताना तो काहीच नाही, पण बाबांच्या घोट्याला ५०-६० च पोचत असतील तर त्यातून हा दाब वजा होतो, आणि कातडीला मिळणारं रक्त तुटतं. याने बोट किंवा टाच काळी पडलेले पेशंट मी पाहिलेत, शुगरमुळे संवेदना गेलेली असेल तर दुखतसुद्धा नाही आणि स्टॉकिंग्ज काढल्यावरच कळतं.

म्हणून बाबांना याच आठवड्यात दाखवा, रात्री पाऊल दुखणं ही पुढची पायरी आहे, नुसतं वयोमान म्हणून सोडायची गोष्ट नाही. स्टॉकिंग्ज काढून दोन दिवसांत रात्रीचं दुखणं थांबलं तरीही दाखवा. जायच्या आधी घरी दोन जागी नाडी चाचपून बघा, पावलाच्या वरच्या बाजूला मधोमध, आणि आतल्या घोट्याच्या मागे. वरची काही निरोगी माणसांतही जन्मतः सापडत नाही, पण दोन्ही सापडत नसतील तर डॉक्टरांना तसं सांगा. दवाखान्यात घोट्याचं आणि दंडाचं बीपी घेऊन भागाकार करतात, एबीआय म्हणतात त्याला, साधी, न टोचता होणारी टेस्ट. साधारण १ ते १.४ नॉर्मल, ०.९ च्या खाली आर्टरीचा आजार, ०.५ च्या खाली गंभीर. एक सांगून ठेवतो, शुगरवाल्यांच्या आर्टरीच्या मधल्या थरात कॅल्शियम साचून ती इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही आणि आकडा खोटा चांगला येतो. म्हणून बाबांचा आकडा नॉर्मल किंवा १.४ च्या वर आला तर निर्धास्त होऊ नका, पायाच्या अंगठ्याचं प्रेशर आणि डॉपलर (ध्वनिलहरींनी रक्ताचा प्रवाह बघायची तपासणी) करून घ्या.

उपचार काय ते तपासणीनंतरच ठरेल, रक्त पातळ ठेवायची गोळी, कोलेस्टेरॉल कमी करायची स्टॅटिनची गोळी, गरज लागली तर अँजिओप्लास्टी किंवा बायपास. पण तंबाखू बंद झाल्याशिवाय यातलं काहीही टिकत नाही. बरेच जण म्हणतात मी बिडी थोडीच ओढतो, चघळतो फक्त, पण चघळलं, मिसरी लावली, तरी निकोटिन रक्तात उतरतंच आणि आर्टरी आवळतेच. रात्रीचं दुखणं नसलेल्या आणि जखम नसलेल्या पेशंटला आम्ही उलट चालायला लावतो, दुखेपर्यंत चाला, थांबा, परत चाला, आठवड्यातून तीनदा तरी, किमान तीन महिने. त्याने बाजूच्या छोट्या आर्टरी रुंद होतात आणि स्नायूही कमी रक्तात काम भागवायला शिकतो. बाबांनी मात्र आधी तपासून मगच हे सुरू करायचं. पावलं रोज बघायची, बोटांच्या बेचक्यांसकट, अनवाणी फिरायचं नाही, आणि गार पडली म्हणून गरम पाण्यात किंवा शेगडीजवळ पाय धरायचा नाही.

दोन इमर्जन्सी सांगतो. बाबांचा पाय अचानक गार, पांढरा पडला, जोरात दुखायला लागला किंवा बधिर झाला तर त्याच क्षणी मोठ्या हॉस्पिटलला न्या, सकाळपर्यंत थांबू नका, साधारण सहा तासांत रक्त चालू झालं नाही तर स्नायू मरायला लागतो. आईची फुगलेली शीर कधी फुटली तर रक्त भळाभळा येतं आणि घरातले घाबरून वर मांडीला करकचून दोरी बांधतात, तसं करू नका, शिरेचं रक्त परत जायची वाट बंद होऊन अजून वाहतं. आईला आडवं करा, पाय उंच धरा, स्वच्छ कापडाने त्याच जागी दाबून ठेवा, बहुतेक वेळा तेवढ्याने थांबतं, आणि मग दवाखान्यात न्या. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला तर आतल्या शिरेत गुठळी असू शकते, तेही त्याच दिवशी दाखवायचं.

शेवटी तुम्ही विचारलंय की आईची शीर लेझरने बंद केली तर पायाचं रक्त जाणार कुठून, आणि पुढे कधी हृदयाच्या बायपासला शीर लागली तर. पायाचं जवळपास नव्वद टक्के रक्त स्नायूंच्या आतल्या खोल शिरांमधून वर जातं, त्या चांगल्या आहेत ना हे उभं करून केलेल्या डॉपलरमधे आधी बघतात आणि मगच वरची बंद करतात. उलट्या दिशेने वाहणारी शीर बंद केली की पायाचं रक्त उलट सुरळीत जातं. बायपासचं म्हणाल तर पायाची शीर वापरतात हे खरं, व्हॉल्व्ह आडवे येऊ नयेत म्हणून ती उलटी करून जोडतात, आणि आर्टरीचा दाब सोसायला लागली की तिची भिंत जाड होत जाते. जन्मभर व्हेन म्हणून राहिली असती तर जी चरबी तिच्यात साचली नसती ती तिथे साचायला लागते, त्यामुळे दहा वर्षांत अशा शिरांपैकी निम्म्याच्या आसपास बंद पडतात, छातीच्या आतली आर्टरी जोडलेली असेल तर मात्र ती नव्वद टक्क्यांच्या वर चालू असते. पण फुगून वेडीवाकडी झालेली शीर तसंही कुठलाच सर्जन बायपासला घेत नाही. आईच्या दुसऱ्या पायातली शीर चांगली असेल तर तिला कुणी हात लावणार नाही, तेवढं डॉक्टरांना विचारून घ्या.